नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

स्टार वॉर्सवर जीव असलेली चार माणसं एकत्र बसली की तासाभरात बोलणं ‘बेन’वर येतंच. १९७७च्या पहिल्या सिनेमात टॅटुईन ग्रहाच्या वाळवंटात दडून राहिलेला म्हातारा जेडाय, म्हणजे साधूसारखा योद्धा, ओबी-वान केनोबी आसपासच्या लोकांना ‘बेन’ म्हणून ठाऊक असतो. २०१५च्या सिनेमात काळा मुखवटा चढवून काइलो रेन झालेला तरुण हा लेया आणि हान सोलो यांचा मुलगा निघतो, आणि त्याचंही नाव बेन असतं. मधल्या वर्षांत आलेल्या कादंबऱ्यांमध्ये लेयाचा भाऊ ल्यूक स्कायवॉकर याच्या मुलाचं नावही बेनच होतं. त्याच कादंबऱ्यांत लेयाचा धाकटा मुलगा ॲनाकिन, म्हणजे त्याच्या आजोबांचंच नाव. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, एवढ्या अफाट आकाशगंगेत नावं संपली होती का? हा लेखकांचा आळस आहे. दुसरी बाजू म्हणते, जुन्या पात्राला दिलेली ती मानवंदना आहे, त्यात एवढं चिडण्यासारखं काय?

मला या वादात दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडताना दिसतात. नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, असं दोघांनीही मनाशी धरलं आहे. एकाला दोन डब्यांवर एकच चिठ्ठी नको, दुसऱ्याला ती चिठ्ठी जुन्या डब्याची आठवण करून देते म्हणून आवडते. पण नाव कोणी ठेवलं, कोणाचं ठेवलं, त्या नावानं पोराकडून काय मागितलं, आणि पोरानं त्याचं काय केलं, हे प्रश्न कोणी विचारतच नाही. पिढ्यानपिढ्यांची कथा सांगायची असेल तर नाव परत येणं हा दोष नाही, कथा पुढे नेणारा तो कणाच आहे, असं मला वाटतं. स्टार वॉर्सला नावं ठेवायची जागा आहे, पण ती दुसरीकडे आहे. नाव परत वापरून झाल्यावर त्याचं ओझं जिथं पेललं गेलं नाही, तिथं.

विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा आधी मान्य करतो. गोंधळ होतो, आणि तो खरा असतो. लेखनाच्या कार्यशाळांमध्ये नवख्यांना शिकवतात की दोन पात्रांची नावं एकाच अक्षरानं सुरू करू नका, एकच नाव तर मुळीच देऊ नका. दहा पानांच्या कथेत हा सल्ला योग्यच आहे, कारण वाचकाला तिथं माणसं ओळखायलाच वेळ नसतो. आणि या गोंधळाची धास्ती स्टार वॉर्सचे जनक खुद्द जॉर्ज लुकास यांनाही होती. १९९९ ते २००३ या काळात एकोणीस कादंबऱ्यांची एक लांब मालिका निघाली. तिच्या मूळ आराखड्यात पुढच्या पिढीचा नायक होणार होता धाकटा ॲनाकिन सोलो, आणि मरणार होता त्याचा मोठा भाऊ जेसन. पण त्याच सुमारास नवे सिनेमे येत होते आणि त्यांचा नायक होता ॲनाकिन स्कायवॉकर, लेया-ल्यूकचा बाप, पुढे मुखवट्याआडचा खलनायक डार्थ व्हेडर होणारा. पडद्यावर एक ॲनाकिन आणि पुस्तकात दुसरा, असं नको, असं लुकास यांच्याकडून सांगण्यात आल्याचं मालिकेच्या कर्त्यांनीच नंतर सांगितलं. भावांची नशिबं अदलाबदल झाली. २००१च्या कादंबरीत ॲनाकिन सोलो मेला, तेही सतरा वर्षांचा असताना. एका मुलाचा जीव केवळ आजोबांचं नाव मिळाल्यामुळे गेला, असं म्हटलं तर ते पुस्तकाबाहेरच्या अर्थानं अक्षरशः खरं आहे.

तरीही हा मुद्दा मला पटत नाही. ज्या गोंधळाला घाबरून ही अदलाबदल झाली, तो गोंधळ कथेच्या आत केव्हाच एक विषय झाला होता. लहान ॲनाकिन सोलोला आपल्या नावाची भीती वाटते. ज्यानं आईला कैदेत ठेवून छळलं, बापाला गोठवलं, मामाचा हात तोडला, त्या माणसाचं नाव आपल्याला. मग आपणही तसेच होणार का? मुलांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात तो ही भीती घेऊन डॅगोबा ग्रहावरच्या त्याच अंधाऱ्या गुहेत जातो, जिथं त्याच्या मामाला व्हेडरच्या मुखवट्याआड स्वतःचाच चेहरा दिसला होता. या मुलाचं नाव दुसरं काही असतं तर गुहेत जायला त्याला काय कारण होतं?

आपल्याकडच्या वाचकाला तर हे वेगळं समजावून सांगायला नको. जगातल्या सर्वांत मोठ्या युद्धकथेत एक नाव दोघांना आहे आणि त्यावर सगळं युद्ध फिरतं. द्रोणाचार्यांच्या हातात शस्त्र आहे तोवर पांडवांचा निभाव लागत नाही. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि ओरडतो, अश्वत्थामा मेला. द्रोण विचारतात कोणाला, तर कधीही खोटं न बोलणाऱ्या युधिष्ठिराला. ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द आपण आजही रोज बोलतो. ‘दोन पात्रांना एक नाव नको’ हा नियम व्यासांच्या हस्तलिखितावर कोणी काटेकोर संपादकानं लावला असता, तर धर्मराजाच्या आयुष्यातला तो एकमेव डाग उरला नसता, आणि डाग नसलेला धर्मराज लक्षात राहिला असता का? बरं, महाभारतात कृष्ण तरी किती आहेत! वासुदेव कृष्ण, ग्रंथकर्ते व्यास हे कृष्णद्वैपायन, अर्जुनाच्या नावांत कृष्ण, आणि द्रौपदी ही कृष्णा. हजारो वर्षं लोक ऐकत आले, कोणाचा गोंधळ झाला नाही. झाला असेल तर तो त्यांनी कथेचा भाग म्हणून स्वीकारला.

आणि कथाच कशाला, इतिहास पाहा. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी कनकगिरीला पडले. १६५७ साली पुरंदरावर शिवाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. त्या संभाजी महाराजांच्या मुलाचं मूळ नाव शिवाजी, ज्यांना आपण शाहू म्हणून ओळखतो. राजारामांच्या एका मुलाचं नाव शिवाजी, दुसऱ्याचं संभाजी. १७०७ साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा ताराबाई आपल्या शिवाजीसाठी गादीचा हक्क सांगत होत्या. म्हणजे थोरल्या महाराजांचे दोन नातू, जन्मनाव दोघांचं शिवाजी, आणि भांडण एका गादीचं. ताराबाईंच्या पक्षानं आलेला शाहू तोतया आहे असंही म्हणून पाहिलं. शाळेत हे पाठ करताना आपण वैतागलो होतो खरे, पण त्या घराण्यानं जी नावं परत परत ठेवली त्यात कल्पनेचा दुष्काळ होता असं कोणी म्हणेल का? नाव हा तिथं दावा होता, कर्ज होतं, गेलेल्या माणसाला घरात परत आणायचा मार्ग होता.

आता बेनकडे येतो. इथं समोरच्या बाजूचा आक्षेप जास्त बारीक आहे. तो असा: ल्यूकनं मुलाचं नाव बेन ठेवलं असतं तर समजण्यासारखं होतं, केनोबी त्याचा गुरू. पण लेया आणि हान यांचा त्या म्हाताऱ्याशी संबंध काय? हाननं १९७७च्या सिनेमात त्याला जुनाट अवशेष म्हणून हिणवलं, त्याच्या श्रद्धेची टर उडवली. लेयानं त्याला निरोप धाडला तो ‘जनरल केनोबी’, ‘ओबी-वान केनोबी’ म्हणून. त्या सिनेमात तर दोघांचं एकमेकांशी एक वाक्यही बोलणं होत नाही. २०२२च्या मालिकेत दहा वर्षांच्या लेयाचं अपहरण होतं आणि केनोबी तिला सोडवतो, ही गोष्ट आली. पण तोवर नाव ठेवून सात वर्षं झाली होती. मागाहून शोधलेलं कारण, असा आरोप होतो, आणि त्यात तथ्य आहे.

फक्त त्या कारणाची गरजच नव्हती. पहिलाच सिनेमा पुन्हा पाहा. शत्रूच्या डेथ स्टार या अवकाशतळावरची कोठडी उघडते, शत्रूच्या सैनिकाच्या वेषातला ल्यूक आत येतो, आणि लेया पडल्या पडल्याच त्याला टोमणा मारते. ल्यूक सांगतो की मी तुला सोडवायला आलोय. तरी ती हलत नाही. मग तो सांगतो की माझ्याबरोबर बेन केनोबी आहे. त्या नावासरशी ती उठून उभी राहते आणि विचारते, कुठे आहेत ते? ल्यूक हे नावसुद्धा तिच्यासाठी तेव्हा परकं होतं. बेन हे नव्हतं. आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत तो म्हातारा व्हेडरसमोर तलवार उभी धरून स्वतःला मारू देतो, म्हणून हानचं यान फाल्कन सुटतं. हान जगला, लेया जगली, म्हणून तर पुढे मूल झालं. ज्याच्या मरणामुळे आपण उरलो, त्याच्याशी आपली ओळख किती जुनी होती याचा हिशेब नाव ठेवताना कोणी मांडतं का? हानचं तर मला विशेष वाटतं. २०१५च्या सिनेमात तोच हान नव्या पोरांना सांगतो की ते सगळं खरं होतं. टर उडवणाऱ्या माणसानं आपल्या मुलाला त्या म्हाताऱ्याचं नाव द्यावं, ही त्यानं दिलेली कबुली आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी या वादात कोणी बोलत नाही. त्यांनी मुलाला ‘ओबी-वान’ हे नाव दिलं नाही. ते योद्ध्याचं नाव होतं, सेनापतीचं. ‘बेन’ हे लपून राहताना घेतलेलं नाव. एकोणीस वर्षं वाळवंटात बसून लांबून एका पोरावर नजर ठेवणाऱ्या एकट्या माणसाचं. दोन नावांतून त्यांनी हे निवडलं. मला हे लगेच कळलं, कारण आमच्या घरात असंच होतं. माझं कागदावरचं नाव आजोबांचं आहे. ते गेल्यानंतर वर्षभरानं मी जन्मलो आणि बारशाला आत्यानं तेच नाव कानात सांगितलं. पण आजी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची नाही, आणि आई सासऱ्याचं. त्यामुळे ज्या दोन बायकांनी मला वाढवलं त्यांनी मला कधीच माझ्या नावानं हाक मारली नाही. घरात मी ‘बापू’ होतो. शाळेत हजेरीला पहिल्यांदा माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी हात वर केला नाही, कारण ते नाव भिंतीवरच्या फोटोचं होतं. हे कौतुकानं सांगण्यासारखं आहे की दुःखानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दुसऱ्याचं नाव घेऊन वाढणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. आपल्या आधी कोणीतरी त्या नावात राहून गेलेलं असतं, आणि घरातली माणसं तुमच्याकडे पाहताना क्षणभर तुमच्या पलीकडे पाहतात.

म्हणून बेन सोलो हे नाव टाकून देतो, हे मला कळतं. काइलो रेन हे त्यानं स्वतः घेतलेलं नाव. २०१५च्या सिनेमात एका पुलावर हान त्याच्या मागे येतो आणि एकच शब्द मोठ्यानं हाकारतो: बेन! सिनेमात हे नाव आपण तिथं पहिल्यांदा ऐकतो. थेटरात अंगावर काटा आला होता, आणि तो त्या एका शब्दानं. आपल्याकडे ‘नाव घेणं’ हा एक प्रसंग असतो. लग्नात उखाण्यात नाव घ्यायला लावतात, पूर्वी बाकी आयुष्यभर ते घेत नसत. हाननं तसं नाव घेतलं. समजा त्या मुलाचं नाव दुसरंच काही असतं, नवंकोरं. मग त्या हाकेत फक्त बाप असता. ‘बेन’ म्हटल्यावर त्या पुलावर बापाच्या जोडीला तो म्हाताराही उभा राहतो, ज्यानं अशाच एका धातूच्या राक्षसी यंत्रात, एका मुखवट्यासमोर, स्वतःला मारू दिलं होतं. पुढच्या मिनिटाला हानही, त्या मुलाच्याच हातून, तेच करतो.

जुन्या कादंबऱ्या वाचत मोठ्या झालेल्यांची तक्रार मात्र वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. १९९१ पासून दोन दशकांहून जास्त काळ या लोकांनी एक अख्खं घराणं मनात वाढवलं. ल्यूक आणि मारा जेडचा बेन, लेया-हानची जेसन आणि जेना ही जुळी, धाकटा ॲनाकिन. एप्रिल २०१४मध्ये स्टार वॉर्सची मालक लुकासफिल्म कंपनीनं जाहीर केलं की ही सगळी पुस्तकं यापुढे ‘लेजेंड्स’, म्हणजे दंतकथा. मूळ कथेशी त्यांचं नातं संपलं. आणि दीड वर्षानं नवा सिनेमा आला तो ल्यूकच्या मुलाचं नाव लेयाच्या मुलाला देऊन. वर त्याचं नशीब जेसनसारखं, कारण पुस्तकांतला जेसनही अंधाराकडे गेलेला. घर पाडायचं आणि त्याच्याच चौकटी-दारं नव्या घराला लावायची, असं त्यांना वाटलं तर ते चूक नाही. मात्र नाव पुन्हा आलं म्हणून जुना बेन पुसला गेला, हे मला पटत नाही. त्याला पुसलं ते जाहीरनाम्यानं. नावानं उलट त्याची खूण ठेवली. २०१८मध्ये ‘रेबेल्स’ या ॲनिमेशन मालिकेच्या शेवटी हेरा नावाच्या वैमानिक नायिकेचा छोटा मुलगा दिसला, त्याचं नाव जेसन ठेवलेलं होतं. कथेत त्याचा सोलो घराण्याशी काही संबंध नाही. पण ज्यांनी ती पुस्तकं वाचली होती त्यांना ते एक नाव पुरलं. दंतकथा ठरवलेल्या माणसाची एवढी तरी आठवण कोणी काढली.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती लेयाची गोष्ट, पुस्तकातली. बेन हे नाव कृतज्ञतेचं, त्यात अवघड काही नाही. पण ॲनाकिन? आपला बाप कोण हे कळल्यावर तिच्या मनात त्याच्याबद्दल फक्त द्वेष होता. एका कादंबरीत त्याचा आत्मा येऊन क्षमा मागतो आणि ती ती नाकारते. तिच्या डोळ्यांदेखत तिचा ग्रह ऑल्डरान राखेला मिळत असताना हाच माणूस तिला धरून उभा होता. तीच लेया पुढे स्वतःच्या मुलाचं नाव ॲनाकिन ठेवते. व्हेडर हे नाव त्यानं घेतलेलं होतं, ॲनाकिन हे त्याच्या आईनं दिलेलं. ते स्वच्छ करून परत वापरात आणायला तिनं पोटचं मूल पुढे केलं. हे बरोबर केलं का? मुलाच्या अंगावर एवढं मोठं काम टाकावं का? मला उत्तर ठामपणे देता येत नाही. पण ‘लेखकाला दुसरं नाव सुचलं नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे, एवढं नक्की.

आळसाची उदाहरणं नाहीत असं नाही. ल्यूकचं आडनाव सुरुवातीच्या खर्ड्यांत ‘स्टारकिलर’ होतं. ते पुढे २००८च्या व्हिडिओ गेममध्ये एका पात्राला चिकटवलं आणि २०१५मध्ये एका अस्त्राला. त्यातून कथेला काहीही मिळालं नाही, जाणकारांना ओळखीचा आनंद मिळाला इतकंच. असल्या वापराला माझाही विरोध आहे.

मग उरतो २०१९च्या सिनेमाचा शेवट, ज्यावर सर्वांत जास्त राग निघतो. नव्या सिनेमांची नायिका रे ही खलनायक सम्राट पॅल्पटीनची नात. शेवटी ती टॅटुईनला जाते, एक वाटसरू म्हातारी नाव विचारते, आणि ती सांगते, रे स्कायवॉकर. रक्ताचं नातं नसताना आडनाव उचललं, असा आरोप होतो. हा आरोप मराठी माणसाच्या तोंडी तर मला अजिबात शोभत नाही. कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि तिसरे सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरला दत्तक आला आणि शाहू झाला. त्यांच्याइतकं ते नाव त्याआधी कोणी मोठं केलं होतं का? रोमन इतिहासात इ.स.पू. ४४मध्ये अठरा वर्षांच्या ऑक्टेव्हियनला मृत्युपत्रानं सीझरचं नाव मिळालं. तुझं सगळं त्या नावाच्या जोरावर चाललंय, असं त्याचा प्रतिस्पर्धी अँटनी यानं त्याला खिजवलं. त्या पोरानं नावाला साम्राज्य करून दाखवलं. दत्तकाचं नाव पुढे काय केलं यावर खरं ठरतं, आणि रेची पुढची गोष्ट सिनेमा सांगतच नाही. तिथं तिला दोषी धरण्याआधी थांबायला हवं.

माझा राग त्या शेवटावर आहे, पण वेगळ्या कारणानं. त्याच सिनेमात लेया मरताना उरलेलं सगळं बळ एकवटून एक शब्द उच्चारते, बेन. तो शब्द दूरवर झुंजणाऱ्या तिच्या मुलाला पोचतो आणि त्याचा हात थांबतो. तो परत येतो, बेन म्हणून लढतो, स्वतःचा प्राण देऊन रेला उठवतो आणि नाहीसा होतो. नावानं मागितलेलं सगळं त्यानं दिलं. पहिल्या बेननं जे केलं तेच. आणि मग रे टॅटुईनला येते, ज्या वाळूत तो पहिला बेन एकोणीस वर्षं राहिला. ल्यूक आणि लेयाच्या तलवारी ती तिथं पुरते. दूर त्या दोघांच्या प्रतिमा उभ्या दिसतात. त्यांच्या शेजारी तिसरं कोणी नाही, आणि ज्यानं तिला जीव दिला त्याचं नाव, त्या नावाच्याच गावात, कोणीही घेत नाही.